३५१ विंडसर इंजिन म्हणजे कॅनडातलं विंडसरच का?

मिशिगनकर:
नमस्कार मंडळी. मी डेट्रॉइटजवळ राहतो. गेल्या महिन्यात १९६९ ची फोर्ड मस्टँग घेतली. इंजिन व्ही८, ३५१ घन इंच. ज्या आजोबांकडून घेतली ते म्हणाले, "इंजिन नदीपलीकडचं आहे," आणि हात केला दक्षिणेला. डेट्रॉइटहून कॅनडा दक्षिणेला येतो! पण अमेरिकन गाडीचं इंजिन शेजारच्या देशात का बनवत असतील? आणि स्पार्क प्लगच्या वायरी बदलून आणल्यापासून गाडी मिसिंग मारतेय (इंजिन अडखळतं), ते वेगळंच.

गॅरेजगप्पा:
आधी वायरींचा क्रम बघा, म्हणजे कोणतं सिलिंडर कोणानंतर पेटतं ते. फोर्डच्याच ३०२ घन इंची इंजिनाचा १-५-४-२-६-३-७-८, ३५१ चा १-३-७-२-६-५-४-८. दोन्ही इंजिनं दिसायला सख्खी भावंडं, त्यामुळे हमखास गफलत होते.

उद्यमनगर:
कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं ओतकामात काढली, आता लेकीकडे विंडसरला असतो. त्यामुळे हा धागा माझाच समजतो.

फोर्ड कॅनडात आली १९०४ साली, विंडसरशेजारच्या वॉकरव्हिलमध्ये, एका घोडागाड्यांच्या कारखान्यात. ब्रिटन आणि आयर्लंड सोडून ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकण्याचा हक्क या कॅनडाच्या कंपनीकडे होता. १९२६ मध्ये भारतात जी फोर्ड कंपनी निघाली, तीही याच कंपनीची शाखा. मुंबईत गाड्यांची जुळणी व्हायची. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीनं मुंबईत पाहिलेल्या फोर्डचं माहेर हेच गाव.

कामगारांसाठीही हे गाव मोठं. १९४५ चा इथला फोर्डचा संप ९९ दिवस चालला. संपकऱ्यांनी रस्त्यात गाड्या आडव्या लावून कारखान्याची वाट अडवली होती. त्यातूनच न्यायमूर्ती रँड यांचा निवाडा आला: युनियनचा सभासद असो वा नसो, वर्गणी प्रत्येकाच्या पगारातून कापायची. मी स्वतः युनियनमध्ये होतो, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. १९६५ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत मोटारींचा करार झाला. कारखानदारांना गाड्या आणि सुटे भाग जकातीशिवाय सीमेपार नेता येऊ लागले. मग दोन्हीकडे तेच ते थोडं थोडं बनवण्याऐवजी एका जागी भरपूर बनवणं परवडू लागलं. ३५१ आलं १९६९ ला. पुढच्याच वर्षी ओहायोतल्या क्लीव्हलंडहून दुसरं ३५१ निघालं, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) तेच, पण इंजिन निराळं. मग ओळखीसाठी कारखान्याच्या गावांचीच नावं चिकटली. २८९ आणि ३०२ लाही लोक विंडसर म्हणतात, पण ती क्लीव्हलंडलाही बनत.

मला या इंजिनांच्या घराण्याचं कौतुक आहे ते पातळ भिंतींच्या ओतकामाचं. १९६२ च्या २२१ घन इंचाच्या इंजिनापासून हे तंत्र वापरलंय. आत वाळूचा कोअर (पोकळी राखणारा गाभा) केसभर सरकला की सिलिंडरची एक बाजू जाड, दुसरी कागद. आमच्याकडे असे किती तरी ब्लॉक (इंजिनाचे मुख्य ओतीव सांगाडे) परत भट्टीत गेलेत. हे लोक तसे ब्लॉक लाखांनी काढत होते!

व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मोजा. सहा असले तर विंडसर, आठ असले तर क्लीव्हलंड. मग ब्लॉकवरचा ओतीव नंबर वाचा. मूळचा असेल तर सी९ओई नं सुरू होईल.

मिशिगनकर:
काका, वायरी क्रमानं लावल्या, मिसिंग थांबलं. बोल्ट सहाच. पण तारेच्या ब्रशनं घासल्यावर नंबर निघाला डी४एई-६०१५. म्हणजे फसलो का?

उद्यमनगर:
फसला नाहीत. डी म्हणजे सत्तरचं दशक, ४ म्हणजे १९७४ चं डिझाइन, ए म्हणजे मोठी फोर्ड. कुणी तरी ब्लॉक बदललाय, तरी आहे विंडसरचाच. लोक हा ब्लॉक मुद्दाम शोधतात, भिंती जाड आहेत म्हणून. आता जवळच ओतल्याची तारीख असेल: आकडा, अक्षर, मग आकडा. अजून थोडं घासा आणि फोटो टाका.