तंबाखूला बंद, उसाला चालू: क्लोरपायरीफॉसचा हा नियम आपल्या भागात पाळला जाणार कसा?

निपाणी_शिवार
2023 च्या सप्टेंबरअखेरीस केंद्रानं कीटकनाशकांचा आदेश काढला. डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल पूर्ण बंद. क्लोरपायरीफॉस फक्त बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखूवर बंद, बाकी पिकांवर चालू. 2020 च्या मसुद्यात 27 औषधं सरसकट बंद करायची होती, त्यात हेही होतं. नंतर पीकवार सूट निघाली.

निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात एका बांधाला तंबाखू, पलीकडं ऊस, मध्ये सोयाबीन. डबा एकच, पाठीवरचा पंप एकच, मारणारा गडीही तोच. उसाच्या नावानं आणलेलं औषध तंबाखूवर जाणार नाही, ही राखण कोण करणार? तंबाखूचा शेंडा खुडायला आणि बगलफूट काढायला आमच्याच बायका त्या पानांत दिवसभर हात घालतात. बंद करायचं तर सगळ्याच पिकांवर बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिक्कोडी_ऊस
अण्णा, सगळं बंद करा म्हणायला काय जातंय? 2020 च्या 31 डिसेंबरपासून फोरेट, म्हणजे आपलं थायमेट, बंद झालं. नदीकाठच्या रानात हुमणीची अळी लागली की उसाचा अख्खा गड्डा हातात येतो, मुळं खाऊन टाकलेली असतात. थायमेट गेल्यावर जी नवी औषधं आली ती परवडत नाहीत. वळवानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवरचे हुमणीचे भुंगेरे गोळा करा म्हणतात. मी करतो. पण शेजारी करत नाही, आणि भुंगेरे बांध ओळखत नाहीत. एकेक औषध काढून घ्यायचं आणि शेतकऱ्याला कीर्तन ऐकवायचं, हे मला पटत नाही.

खानापूर_सिस्टर
तुमची अडचण खरी आहे दादा, पण मी दवाखान्यात काम करते, तिकडचंही ऐका. क्लोरपायरीफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. नसांचं काम नीट चालायला लागणारं कोलिनेस्टरेज हे शरीरातलं विकर अडवतं. मग घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास अडकतो. ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसं गेली. तिथं वेगवेगळी औषधं मिसळून मारली जात होती. आपल्याकडं काय वेगळं चालतं? फवारून आलेला गडी ‘जरा चक्कर आली’ म्हणून घरी झोपतो, नोंदच होत नाही. त्यानं उसावर मारलं की तंबाखूवर, यानं विष कमी होत नाही. मी पूर्ण बंदीच्या बाजूनं आहे.

संकेश्वर_कृषी_सेवा
दुकानदार म्हणून सांगतो. गिऱ्हाईक डबा मागतं, पीक सांगत नाही. आणि 1968 च्या कीटकनाशक कायद्यात राज्याला फार तर 60 दिवस विक्री थांबवता येते, वर 30 दिवसांची वाढ. पक्की बंदी केंद्राच्याच हातात. कर्नाटकानं उद्या थांबवलं तर लोक गडहिंग्लज-कागलहून घेऊन येतील, तासाभराचं काम आहे. दुसरं, डब्यातलं माहितीपत्रक त्या भागातल्या भाषेतही असावं असा नियम आहे. माझ्याकडं येणाऱ्या मालात मराठी पत्रक क्वचितच सापडतं. तंबाखूवर मारू नये हे लोकांनी वाचायचं कुठं?

अथणी_द्राक्ष
पीकवार नियम पाळला जात नाही हे मला मान्य नाही. आमच्याकडं पाळला जातो, कारण माल तपासला जातो. युरोपनं 2020 मध्ये क्लोरपायरीफॉसची मान्यता काढली आणि उर्वरित अंशाची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली. निर्यातीची बाग धरणारा त्या डब्याला हात लावत नाही. तिथं पोलीस उभा नसतो, प्रयोगशाळेचा कागद असतो. तंबाखूला वखारीत असा कागद मागा, दोन हंगामांत फरक दिसेल. उसावरचं औषध काढून घ्यायची गरज नाही.

चिक्कोडी_ऊस
द्राक्षाचं तंबाखूला लागू होत नाही. तुम्हाला निर्यातीचा जादा दर मिळतो म्हणून तुम्ही पाळता. निपाणीत 1981 साली शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला, गोळीबारात माणसं गेली, ते सगळं भावासाठीच. वखारवाल्याच्या हातात तपासणीचा कागद दिलात तर भाव पाडायला त्याला आयतं निमित्त मिळेल. बायकांच्या तब्येतीसाठी नियम करायचा आणि पैसे शेतकऱ्याच्या तंबाखूतून कापायचे, असं होणार.

निपाणी_शिवार
हा मुद्दा बिनतोड आहे. कागद वखारीकडं नकोच. निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, नमुने तिथं जावेत आणि निकाल आधी शेतकऱ्याच्या हातात यावा.

पण पूर्ण बंदीवर मी ठाम आहे. 2025 च्या मे महिन्यात घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानं क्लोरपायरीफॉस, काही सवलती ठेवून का होईना, काढून टाकायच्या यादीत घातलं. आज ना उद्या हे जाणारच. ते अचानक गेलं तर फोरेटसारखीच आपली तारांबळ होईल. त्यापेक्षा आत्तापासून हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात अनुदानावर आणि ताजी मिळाली पाहिजे. ती जिवंत असते. उन्हात पडलेलं जुनं पाकीट टाकून उपयोग नाही. लावणीच्या आधी हे मागायला चिक्कोडीच्या कार्यालयात जाऊया. ऊसवाल्यांनीही यावं. तुमची सही असेल तर अर्जाला वजन येईल.

चिक्कोडी_ऊस
मेटारायझियमसाठी येतो. क्लोरच्या बंदीवर सही करणार नाही. दोन अर्ज वेगळे करा.