कॅथी क्रॉसना 'कोट्यातल्या' म्हणणाऱ्यांना

विभावरी_दादर: काल एका पोस्टमध्ये वाचलं, 'बायका अंपायर होतात त्या कोट्यातून. ज्यांनी कधी वेगवान चेंडू खेळला नाही, त्यांना पायचीत काय कळणार?' राहवलं नाही म्हणून लिहितेय. न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस २००० ते २०१८ आंतरराष्ट्रीय सामन्यांत अंपायर म्हणून उभ्या राहिल्या. आयसीसीच्या असोसिएट-अॅफिलिएट पॅनेलवर, म्हणजे क्रिकेटमधल्या छोट्या देशांसाठीच्या अंपायरांच्या यादीत, एका बाईचं, क्रॉस यांचंच, नाव यायला २०१४ उजाडलं. पुरुषांच्या वनडेत पहिली बाई उभी राहिली ती २०१९ला, नामिबिया-ओमान सामन्यात क्लेअर पोलोसाक. तोवर क्रॉस निवृत्त. कोटा असता तर एवढं थांबावं लागलं असतं?

कीपर_बंड्या: क्रॉस यांचे बहुतेक सामने महिलांचे, हे का गाळलंत? मी क्लबकडून वर्षानुवर्षं कीपिंग केलंय. बारीक कड कळायला खेळलेलं असावं लागतं.

विभावरी_दादर: गाळलं नाही, तोच तर मुद्दा. पुरुषांचे सामने दिलेच कुणी? पोलोसाक कधी क्रिकेट खेळलेली नाही, तरी २०२१च्या सिडनी कसोटीत चौथी अंपायर होती. आणि कड लागली म्हणून कीपर दर ओव्हरला ओरडतो, तेव्हा निकाल त्याच्यावर सोडतो का आपण?

स्कोअरबुक: आपल्या वृंदा राठी आधी स्कोअरर. २०१३च्या महिला विश्वचषकात मुंबईत क्रॉसना भेटल्या, मग अंपायरिंगकडे वळल्या. जानेवारी २०२३मध्ये पर्वरीला गोवा-पुद्दुचेरी रणजी सामना केला. माझी बहीणही स्कोअरिंग करायची. मैदानात बाथरूम नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. शेवटी सोडलं तिने.

कीपर_बंड्या: बाथरूमचा इथे काय संबंध?

स्कोअरबुक: मे महिन्यात सात तास उन्हात उभं राहा पाण्याशिवाय, मग विचारा.

रविवार_अंपायर: सोय आम्हा पुरुषांनाही नसते. वर मानधन हातात पडायला महिनोन्महिने. गेल्या हंगामात चौदा वर्षांखालच्या सामन्यात एका पोराला पायचीत दिलं, तर बाप पार्किंगमध्ये अंगावर धावून आला. क्लबवाले बघत उभे. त्यावर धागा काढा कुणीतरी!

विभावरी_दादर: तुम्हाला आडोसा तरी चालतो हो. पण पालकांचं शंभर टक्के खरं.

कीपर_बंड्या: बरं, राठीबाईंचं मान्य. रणजी कुणी फुकट देत नाही. पण न खेळलेल्या अंपायरचं मला अजूनही पटलेलं नाही. आणि रविवारवाले, तो बाप माझ्या क्लबचा असता तर पोराला पुढच्या सामन्यात बाहेर बसवलं असतं.

रविवार_अंपायर: पोराला का? त्याने तर मुकाट्याने मैदान सोडलं होतं. बापाला गेटवर अडवा.