मदत हवी आहे: बागेत माकड मेलेलं सापडलं, काजूची वेचणी तोंडावर आली आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. आई आणि धाकटे काका गावी असतात, मी नोकरीनिमित्त पुण्यात. गेल्या आठवड्यात आमच्या काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला, जिथे रान सुरू होतं तिथल्या फणसाखाली, लाल तोंडाचं माकड मेलेलं सापडलं. अंगावर जखम नाही, जवळपास विजेची तार नाही. काकांनी लगेच फोनाफोनी केली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. माणसं आली तोवर देह कुजला होता. नमुना घेण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले आणि जाळून टाकला. ते माकड कशाने गेलं हे आता कधीच कळणार नाही, याची मला खरी चीड आहे.

आमच्याकडे 2016 मध्ये माकडतापाची साथ आली होती. त्याच्या आदल्या वर्षी पलीकडे गोव्यात सत्तरीत येऊन गेली होती. त्यामुळे गावात मेलेलं माकड दिसलं की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. या तापाचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली तेव्हा सापडला, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी तो शोधला, आणि तो गोचिडीतून पसरतो, एवढं मी वाचलं आहे. माणसाकडून माणसाला होत नाही हेही वाचलं. पण आमच्या बागेत नेमकं काय करायचं ते कुठे लिहिलेलं मिळत नाही.

वेचणी थांबवणं शक्य नाही. वर्षाचा पैसा त्यातच आहे. आईला फोनवर म्हटलं, यंदा वरच्या अंगाला जाऊ नको, तर म्हणाली, "बी पडली काय वेचूक व्हयीच." वेचणी म्हणजे सकाळी ओणवं होऊन पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, हात घालायचा, बोंड पिळून बी सोडवायची, दमलं की तिथेच खाली बसायचं. शिवाय तोच पातेरा गोळा करून गोठ्यात गुरांखाली पसरतात, भाताच्या रोपांची जागा भाजायलाही (तरव्याची भाजावळ) नेतात. म्हणजे गोचीड असलीच तर आम्ही ती भारे बांधून घरी आणतो.

तर जाणकारांनी सांगावं: त्या फणसाखालच्या जागेचं काय करायचं? आईने अंगाला काय लावावं? लस मिळते का? आणि आमच्या दोन गाई त्याच बाजूला चरतात, त्यांच्यापासून धोका आहे का? काका त्या विकायचं म्हणताहेत.

सत्तरीकर
आम्ही यातून गेलो आहोत, म्हणून आधी एकच: पातेरा यंदा घरी आणू नका. गोठ्यात भाताचा पेंढा घाला. आईंना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचून, आणि पायात गमबूट. उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. जमिनीवर टेकायचं नाही, बसायला पाट न्या. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि अंघोळ. कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्याच्या मागे कोणाकडून तरी नीट बघून घ्या. माणसाला चावते ती पिल्लू-गोचीड तिळाएवढी असते, चावलेलं कळतही नाही.

गुरांचा डॉक्टर
गाई विकू नका, काकांना माझ्याकडून सांगा. गाईला हा ताप येत नाही आणि तिच्याकडून तुम्हाला होत नाही. तिचा संबंध वेगळा आहे. या रोगातली मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिची मोठी मादी पावसाळ्यात रानात चरणाऱ्या गुरांवर रक्त पिऊन फुगते, गळून पडते आणि पाचोळ्यात अंडी घालते. पाऊस सरल्यावर त्यातून अळ्या निघतात, त्या उंदीर, घुशी, पाखरं, माकडं यांच्यावर जगतात. त्यांची पुढची अवस्था म्हणजे ती तिळाएवढी पिल्लं. ती डिसेंबर ते मे या काळात जोरात असतात, आणि तुमची वेचणी नेमकी त्याच काळात येते. म्हणजे गाय विषाणू देत नाही, पण रानात गोचिडी वाढायला तिचा हातभार लागतो.

म्हणून गुरांचं औषध फक्त उन्हाळ्यात करून भागत नाही. जून ते सप्टेंबर हा खरा काळ, आणि तेव्हाच लोक दुर्लक्ष करतात. पाठीच्या कण्यावर ओतायचं फ्लुमेथ्रिन किंवा फवारायचं डेल्टामेथ्रिन, मात्रा तुमच्या पशुवैद्यकाकडून जनावराच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्या. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन टोचून घेऊ नका, त्याचा अंश दुधात उतरतो. आणि या हंगामात गाई वरच्या रानात सोडू नका, खाली बांधून चारा घाला.

आता फणसाखालची जागा. माकड मेलं की अंग थंड पडतं आणि त्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. ते माकड माकडतापाने गेलं असेल तर तीच जागा सगळ्यांत धोक्याची. आरोग्य खातं अशा ठिकाणी 50 फुटांच्या परिघात मॅलेथिऑनची भुकटी मारतं. नमुना गेला म्हणून ते काम टळू देऊ नका, लेखी अर्ज द्या. तेवढ्या भागातली बी यंदा सोडून द्या. चार-सहा झाडांचं नुकसान सोसण्यासारखं आहे.

आरोग्यसेविका
लसीबद्दल: जुनी लस दोन डोस आणि पुढे बूस्टर अशी होती. ती पुरेसं संरक्षण देत नव्हती आणि आता मिळत नाही. नवीन लसीवर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) काम करत आहे. तोवर अंग झाकणं आणि तेल हाच उपाय.

ताप गोचीड चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांनी एकदम चढतो. कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं, काहींना उलट्या होतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. काहींना ताप उतरून पुन्हा येतो आणि त्या वेळी मेंदूची लक्षणं दिसतात, म्हणून बरं वाटलं तरी लक्ष ठेवायचं. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको, पॅरासिटामॉल चालेल. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की काजूत काम करते आणि बागेत माकड मेलं होतं. ते सांगितलं नाही तर सगळे डेंग्यू-मलेरियाच शोधत बसतात. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणूच शोधता येतो, म्हणून नमुना लवकर जायला हवा. खास औषध नाही, पण वेळेत दाखल झालेला बहुतेक माणूस बरा होतो.

चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. नखाने चिरडू नका, रॉकेल ओतू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, गाई राहताहेत. अर्ज आज देतोय. एक शेवटचं विचारतो: पुढचं माकड मेलं तर नमुना वाया जाऊ नये म्हणून गावातल्या मुलांनी काय करावं? आम्ही एक वही ठेवायचं ठरवतोय.

गुरांचा डॉक्टर
वही नक्की ठेवा. तारीख, वेळ, जागा, लाल तोंडाचं की काळ्या तोंडाचं, जखम आहे का, आणि देह ताजा की फुगलेला. फोटो लांबून काढा. हात लावायचा नाही, काठीनेही हलवायचं नाही, कुत्री जवळ येऊ द्यायची नाहीत. वनविभागाचा क्रमांक 1926, तो पहिला लावा, मग लगेच आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना, तिन्हीकडे. कोणाशी किती वाजता बोलणं झालं तेही त्याच वहीत लिहा.