मदत हवी आहे: बंद कारखान्याच्या जागेवर उद्यान करायचंय, माती साफ करायचा खर्च कोण देतं?

नमस्कार मंडळी,

आमचं शहर मुंबईपासून लोकलच्या टप्प्यातलं, वस्ती काही लाखांची. सोसायटीमागे दीडेक एकराचा प्लॉट आहे. तिथे पूर्वी क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता. मालकाने गाशा गुंडाळला, जागा उद्यानाच्या आरक्षणाखाली पालिकेकडे आली, आणि कुंपणाची भिंत पडल्यापासून अख्ख्या वॉर्डाचा कचरा तिथे पडतो. म्हणजे खाली कारखान्याचा गाळ, वर गावाचा उकिरडा.

पावसाळ्यात भिंतीच्या बुडाशी पाणी साचतं ते हळद कालवल्यासारखं पिवळं. आमच्या बोअरचं पाणी तपासून घेतलं, तर क्रोमियम पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या (लिटरला ०.०५ मिलिग्रॅम) बरंच वर निघालं. बोअर बंद केली. आता पालिका म्हणते, पैसा येतो तो कचऱ्याचे ढीग हटवायला, मातीला नाही. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, जागा पालिकेची, तिकडेच बघा. नगरसेवक वरून लाल माती टाकून झोपाळे लावायला तयार आहेत. त्याचीच धास्ती वाटते.

मातीसाठी एखादी सरकारी योजना आहे का? अर्ज कोणी आणि कुठे करायचा?

प्रतिसाद १
पालिका अर्धं खरं बोलतेय. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मधून जुन्या डंपिंगच्या बायोमायनिंगला, म्हणजे साचलेला कचरा उकरून वेगळा करायला, केंद्राचा पैसा मिळतो. १ लाखाखालच्या शहराला ५० टक्के, १ ते १० लाखांपर्यंत ३३, त्यावर २५. पण तुमच्या प्लॉटवर थेट बायोमायनिंग सुरू झालं तर ते आधी अडवा. त्यात कचरा चाळतात आणि खाली पडलेली बारीक माती भरावाला देतात. क्रोमियमची माती त्यात मिसळली की ती गावभर पोचलीच म्हणून समजा.

मातीसाठी जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम काढलेत. निव्वळ कचरा डेपो त्यांत येत नाही, पण कचऱ्यात घातक रसायन मिसळून मर्यादा ओलांडली असेल तर येतो. तुमची केस नेमकी इथे बसते. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने वर्षातून दोनदा द्यायची आहे, म्हणून पत्र जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला. प्राथमिक तपासणीला ९० दिवस, मग सविस्तर पाहणी. जागा दूषित ठरली की तिच्या वापरावर बंधनं येतात, झोपाळ्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तरच केंद्र आणि राज्य. नियम निघाले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू होतं फक्त ७ ठिकाणी. भोपाळला युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा हलवून जाळायला केंद्राने १२६ कोटी दिले, तोही गोदामातला. तिथली जमीन अजून आहे तशीच आहे. तेव्हा घाईची आशा नको.

प्रतिसाद २
न्यू जर्सीहून लिहितोय. इथे अशा जागांना ब्राउनफिल्ड म्हणतात. २००२ च्या कायद्याने नगरपालिकांना आणि ना-नफा संस्थांना केंद्राकडून अनुदान मिळतं, २०२१ मध्ये त्यासाठी आणखी दीड अब्ज डॉलर ठेवले. ज्याने घाण केली त्याला मात्र छदाम नाही. यातलं तुमच्या कामाचं एवढंच की इथे तपासणीचं अनुदान वेगळं आणि सफाईचं वेगळं. किती खोल आणि कुठवर पसरलंय हे कळल्याशिवाय सफाईचा आकडा कोणी मांडत नाही. शिवाय पुढे तिथे काय होणार यावर सफाई ठरते. पार्किंगला वरून डांबराचा थर चालून जातो, मुलं माती उकरणार असतील तर नाही. पत्रात 'उद्यान' हा शब्द ठळक लिहा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मालकाचा पत्ता लागत नाही, कंपनीचं नावही दोनदा बदललं म्हणतात. तो 'सापडत नाही' हे आम्ही सिद्ध करायचं का?

प्रतिसाद १
नाही, जबाबदार कोण हे राज्य मंडळाने ठरवायचं, त्यालाही ९० दिवस आहेत. पण तुम्ही हातभार लावा. कारखाना चालवायला मंडळाची संमती लागते, त्या जुन्या संमतीपत्रांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. नाव, पत्ता, रोजचं सांडपाणी, सगळं त्यात असतं. आणि पाणी पुन्हा तपासाल तेव्हा मान्यताप्राप्त लॅबमधून, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वेगळं लिहून घ्या. जास्त विषारी तेच, आणि पिवळा रंग बहुधा त्याचाच. हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) जायची वेळ आली तर भरपाई आणि जागा पूर्ववत करण्याच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत असते. म्हणून पहिल्या लॅब रिपोर्टची तारीख असलेली मूळ प्रत जपून ठेवा, फाइलला झेरॉक्स लावा.