मदत हवी आहे: सोलारिस ८ वर प्रोग्राम कंपाइल झाला, पण 'बस एरर' देतोय

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. कोपऱ्यात सन अल्ट्रा १० हा जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे, वर २००० सालची सोलारिस ८ ही ऑपरेटिंग सिस्टिम. जुन्या कॅम सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच मशीनच्या होस्ट-आयडीला (ओळखक्रमांकाला) बांधलेलं, त्यामुळे मोडीत काढता येत नाही. डिस्क आता जात्यासारखी घरघरतेय. जी-कोडच्या (कटिंग मशीनला द्यायच्या सूचनांच्या) फायली ऑफिसातल्या लिनक्स पीसीवर जाव्यात म्हणून भाच्याने सी मध्ये प्रोग्राम लिहून दिला. त्याच्या लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात चालला. इथं आठवडा गेला.

झालेलं आधीच सांगतो. 'सीसी' ही कंपाइल करायची कमांड मारली तर भाषेचं पॅकेजच बसवलेलं नाही म्हणतो, म्हणून जीसीसी ३.४ हा दुसरा कंपायलर टाकला. प्रोग्राम बांधणारा 'मेक' सापडेना, तो /यूएसआर/सीसीएस/बिन मध्ये निघाला. स्क्रिप्टमधला डॉलर-कंस जुन्या शेलला कळेना, कॉर्न शेल लावला. सी ची एसटीडीइंट हेडर फाईल नाहीच, इंटटाइप्सवर भागवलं. लिंक करताना सॉकेट आणि एनएसएल लायब्ररी हाताने जोडल्या.

आता कंपाइल होतंय. पण ओ१०१.एनसी ही ५१२ बाइटची फाईल पाठवली तर लिनक्स १३१०७२ बाइटची वाट बघत बसतो. आणि ओ१००१.एनसी पाठवली की थेट बस एरर, कोअर डंप, प्रोग्राम कोसळतो. (सांगली स्टँडवर बस इतकी हमखास येत नाही!) एका आकड्याने काय बिघडतंय?

प्रतिसाद १:
दोन्ही दुखणी स्पार्कची, म्हणजे तुमच्या सनमधल्या प्रोसेसरचीच, दादा. स्पार्क मोठा बाइट आधी लिहितो, इंटेल उलट वाचतो. ५१२ म्हणजे चार बाइटांत, हेक्समध्ये, ०० ०० ०२ ००. उलटं वाचलं की १३१०७२. बाइटांचा क्रम जुळवायला पाठवताना एचटीओएनएल, घेताना एनटीओएचएल ही फंक्शनं लावा.

बस एररचं म्हणाल तर भाच्याने बहुतेक फाईलच्या आधी जाणाऱ्या हेडरमध्ये एक बाइट नावाची लांबी, मग नाव, मग पॉइंटर कास्ट करून चार बाइटची साइज लिहिलीय. सात अक्षरी नाव असलं की साइज (शून्यापासून मोजून) आठव्या बाइटवर, चारने भाग जातो, आणि चार बाइटच्या आकड्याला स्पार्कला तशीच जागा लागते. आठ अक्षरी झालं की नवव्यावर, तिथं स्पार्क आडवा होतो. इंटेल खपवून घेतो, म्हणून लॅपटॉपवर कळलं नाही. कास्ट काढा, मेमकॉपी वापरा.

प्रतिसाद २:
होस्ट-आयडी आजच कागदावर उतरवून ठेवा. तो एनव्हीरॅम चिपमध्ये असतो, बॅटरी त्या चिपच्या पोटातच. ती संपली की आयडी गेला आणि लायसन्सही.

धागाकर्ता:
बरोबर ओळखलंत, हेडर तसंच होतं! ओ१००१.एनसी गेली, साइजही जुळली. होस्ट-आयडी मशीनच्या कुशीवर मार्करने लिहिलाय. रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) मात्र मजकूर शोधणारा ग्रेप मायनस-क्यू हा पर्याय घेत नाही, स्क्रिप्ट तिथंच अडते.

प्रतिसाद १:
/यूएसआर/एक्सपीजी४/बिन मधला ग्रेप घ्या, पूर्ण पाथ देऊन. क्रॉनला तुमचा पाथ माहीत नसतो.