अलास्का क्रूझ: पहिली पंगत, दुसरी पंगत की 'या केव्हाही'?

प्रेषक: वर्षा (एडिसन), सहल समिती
विषय: अलास्का क्रूझ – रात्रीच्या जेवणाची वेळ, शुक्रवारपर्यंत कळवा

नमस्कार मंडळी,

सिएटलहून निघणाऱ्या जूनच्या अलास्का क्रूझसाठी आपल्या 22 जणांच्या केबिन पक्क्या झाल्या. आता एजंट एकाच प्रश्नावर अडून बसलाय: रात्री जेवायला कधी बसणार? पर्याय तीन आहेत. साडेपाचची ठरलेली पंगत, सव्वाआठची ठरलेली पंगत, किंवा फ्लेक्सिबल. फ्लेक्सिबल म्हणजे साडेपाच ते साडेनऊच्या मधली वेळ ॲपवर घ्यायची, नाहीतर सरळ दारात जाऊन उभं राहायचं. ठरलेल्या पंगतीत रोज तेच टेबल आणि तोच वेटर. पैशात काही फरक नाही.

कृपया मला एकटीला कळवा. रिप्लाय-ऑल करू नका.

वर्षा

---

प्रेषक: निखिल (जर्सी सिटी)
विषय: पुन: अलास्का क्रूझ – रात्रीच्या जेवणाची वेळ

फ्लेक्सिबल. यात विचारायचं काय? सुट्टीवर जाऊन साडेपाचला कोण जेवतं?

निखिल

---

प्रेषक: शरद (ब्रिजवॉटर)
विषय: पुन: पुन: अलास्का क्रूझ – रात्रीच्या जेवणाची वेळ

साडेपाचला आमच्या घरी चहा होतो. सव्वाआठ लिहून घ्या. दोन माणसं.

शरदकाका

---

प्रेषक: अनघा (पार्सिपनी)
विषय: पुन: पुन: पुन: अलास्का क्रूझ – रात्रीच्या जेवणाची वेळ

वर्षा, सॉरी, मीही सगळ्यांनाच लिहितेय, कारण हे सगळ्यांनी वाचायला हवं.

शरदकाका, साडेपाच कुठल्या घड्याळातले ते आधी बघा. सिएटल आपल्या न्यू जर्सीच्या तीन तास मागे आणि अलास्का त्याच्याही एक तास मागे. बोट वर सरकली की पहिल्या एक-दोन रात्रींतच बोटीचं घड्याळ अलास्काच्या वेळेवर नेतात. म्हणजे बोटीवर साडेपाच वाजतात तेव्हा ब्रिजवॉटरला रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. सव्वाआठच्या पंगतीला तुम्ही खुर्ची ओढाल तेव्हा तुमच्या पोटाच्या हिशेबाने सव्वाबारा. त्यातून ही जेवणं उरकायला दीड तास लागतो: आधी सूप, मग सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग गोड. काकू गोडाच्या आधीच पेंगायला लागतील. शरीर नव्या वेळेला रुळेपर्यंत निम्मी सहल संपलेली असते.

निखिल, 'या केव्हाही' म्हणजे खरंच केव्हाही नव्हे. साडेसहा ते साडेसात सगळ्यांनाच हवं असतं, आणि ॲपवरच्या त्या वेळा पहिल्याच दिवशी, कधी कधी त्याच्याही आधी, भरून जातात. बुकिंग नसेल तर दारात पेजर हातात ठेवतात, नाहीतर फोनवर मेसेज येईपर्यंत बारपाशी घुटमळायचं. दोघं असाल तर पटकन जागा होते, चौघांनाही होते. आठ-दहा जण एकदम गेलात की दारातल्या उंच टेबलामागची बाई प्रेमाने हसते आणि दोन टेबलं हॉलच्या दोन टोकांना देते. फ्लेक्सिबलच्या बाजूला बहुतेक टेबलं लहानच असतात. एवढ्या मोठ्या घोळक्याला रोज एकत्र बसायचं असेल तर ठरलेली पंगत बरी. एजंटकडून सगळ्यांचे बुकिंग नंबर एकमेकांना जोडून घेतले की आठ-दहाची टेबलं शेजारी-शेजारी मिळतात. मात्र सगळ्या केबिनना तीच पंगत हवी. एकाचीही वेगळी असली की जोडणी फिसकटते.

वेळ घ्यायला उशीर झाला तरी अगदीच अडत नाही. बोटीवर चढल्यावर पहिल्या दुपारी डायनिंग रूमचा प्रमुख एखाद्या टेबलाशी तास-दोन तास बसतो, फक्त याच बदलाबदलीसाठी. तिथे जाऊन नाव घालता येतं. पण पहिली पंगत आधीच भरलेली असते आणि वेटिंग लिस्टवर राहावं लागतं. दुसरीत जागा सहसा निघते.

आता वाटेत बोट थांबते त्या गावांचं. एजंटने पाठवलेला कागद मी नीट पाहिला. जूनोला बोट दुपारी दीडला लागते आणि रात्री दहाला सुटते. व्हेल बघायच्या बोटी ऑक बेवरून निघतात. तिथून परत यायला सहा-साडेसहा होणार, वर मेंडनहॉल हिमनदी केली तर आणखी उशीर. जूनमध्ये जूनोला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कुणालाच परत फिरावंसं वाटत नाही. त्या दिवशी पहिली पंगत गेलीच. काही बिघडत नाही, वरच्या मजल्यावरचा बुफे उघडा असतो. वेटरला आदल्या दिवशी सांगून ठेवावं, म्हणजे तो वाट बघत नाही. स्कॅगवेला व्हाइट पास रेल्वे सकाळची घ्या, तीन तासांत परत येता. केचिकन सकाळीच आटपतं. शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया, आणि तिथे मात्र पहिल्या पंगतीवाल्यांची चैन. बोट आठला लागते, आपलं जेवण सातला संपलेलं. सव्वाआठवाले एक तर जेवतील, नाहीतर गाव बघतील.

(व्हिक्टोरियाला इतक्या अवेळी का जातो, असं कुणी विचारेल म्हणून. 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला सिएटलहून निघून सिएटललाच प्रवासी परत आणायचे असतील, तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. या मोठ्या क्रूझ बोटींवर बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा असेच झेंडे असतात. म्हणून कॅनडाला रात्रीचा पाय लावून यायचं.)

माझं मत: 22 जणांत ज्येष्ठ निम्मे आहेत. पहिली पंगत घ्या आणि जूनोच्या दिवशी ती सोडून द्या.

अनघा

---

प्रेषक: मीना (एडिसन)
विषय: कांदा-लसूण

अनघा, सगळं वाचलं. आमच्या दोघांचा प्रश्न वेगळाच आहे. ह्यांना कांदा-लसूण चालत नाही, आणि आमच्याबरोबर येणारे दोघं जैन आहेत, त्यांना बटाटाही नको. फ्लेक्सिबलमध्ये रोज नवा वेटर आला तर रोज पहिल्यापासून पुराण सांगायचं का? आणि मधे संकष्टी येतेय. त्या दिवशी मी काय करायचं? चंद्रोदय अलास्कात कधी, हे कालनिर्णयमध्ये नाही.

मीनाकाकू

---

प्रेषक: अनघा (पार्सिपनी)
विषय: पुन: कांदा-लसूण

काकू, तुमच्यासाठी तर ठरलेली पंगत डोळे झाकून घ्यावी.

पद्धत अशी आहे. आधी एजंटमार्फत क्रूझ कंपनीला लेखी कळवायचं: 'जैन, कंदमुळं नकोत' किंवा 'शाकाहारी, कांदा-लसूण नको'. हे निघायच्या बरेच आठवडे आधी. आयत्या वेळी सांगितलं तर स्वयंपाकघरात जे आहे त्यावर भागवावं लागतं. बोटीवर पहिल्या रात्री हेड वेटर टेबलाशी येतो. तेव्हा पुन्हा सांगायचं. मग तो रोज जेवण संपताना उद्याचं मेन्यू कार्ड घेऊन येतो आणि तुमच्यापुरतं काय करायचं ते आदल्या रात्रीच ठरतं. कारण ती भाजी वेगळ्या भांड्यात, वेगळी फोडणी घालून करायची असते, आणि हजारो माणसांच्या मुदपाकखान्यात 'आत्ता पाच मिनिटांत' असं काही नसतं. फ्लेक्सिबलमध्येही हे करतात, पण तिथे तुमची नोंद त्या दिवशीच्या वेटरपर्यंत पोचली का, हे तुम्हालाच बघावं लागतं. फ्लेक्सिबलमध्ये राहून रोज त्याच वेटरचं टेबल मागायचीही सोय असते. पण मग रोज तीच वेळ घ्यावी लागते. तेवढंच करायचं तर ठरलेली पंगत काय वाईट?

बऱ्याच बोटींवर रोज रात्री एखादी भारतीय शाकाहारी डिश असतेच, कार्डावर नसली तरी मागितली की येते. पनीर जास्त, हे मात्र खरं. वरण-भात हवा असेल तर साधं 'डाळ अँड राइस' म्हणा, मिळतो.

आणि एक. या बोटींवर गोव्याची माणसं पुष्कळ, पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जाणारी घरं आहेत तिथे. आमच्या गेल्या क्रूझवर टेबलाचा हेड वेटर मडगावचा निघाला. आई सहज म्हणाल्या, "बाबा रे, ताक मिळेल का?" दुसऱ्या रात्रीपासून आईंच्या ताटाशेजारी पेलाभर ताक, वर जिरेपूड आणि चिमूटभर मीठ. मेन्यूत कुठेच नव्हतं. तो आमच्याशी मराठीत बोलायचा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसांशी इतक्या सफाईने इटालियन, की ती मंडळी त्याला त्यांच्याच गावचा समजत होती. फ्लेक्सिबलमध्ये हे होणारच नाही असं नाही, पण त्यासाठी तोच माणूस पुन्हा भेटावा लागतो.

संकष्टीचं तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या आई घरचं पंचांग घरच्या वेळेने धरतात. अलास्काचा चंद्र बघायचा तर जूनमध्ये बरंच जागावं लागेल आणि डायनिंग रूम तोवर बंद झालेली असेल. फळं बुफेतून आधीच आणून ठेवा.

अनघा

---

प्रेषक: रोहित (प्लेन्सबोरो)
विषय: लहान मुलं असलेल्यांनी काय करायचं

अनघाताई, ज्येष्ठांसाठी पटलं. पण आमच्या पोरांचं काय? पाच वर्षांचा मुलगा दीड तास रुमाल मांडीवर घेऊन बसणार नाही. तिसऱ्या पदार्थाला तो टेबलाखाली असेल आणि शरदकाकांच्या बुटांच्या लेस एकमेकांना बांधत असेल.

डिस्नेच्या बोटींवर वेगळी युक्ती असते. तिथे पंगती दोनच आणि ठरलेल्या, पण रेस्टॉरंट रोज बदलतं, आणि वेटर तुमच्याबरोबर फिरतात. मुलांना रोज नवी जागा, वेटरला मात्र पक्कं ठाऊक की कुणाला दूध आधी हवं. आपल्या बोटीवर ते नाही. आम्ही फ्लेक्सिबल घेतो आणि सव्वापाचला दारात उभे राहतो. त्या वेळी रांग नसते, आणि 'मुलं आहेत, सगळं एकदम आणा' म्हटलं की चाळीस मिनिटांत सुटका. मग मुलं बोटीवरच्या मुलांच्या क्लबमध्ये, आणि आम्ही दोघं डेकवर.

एक शंका. फ्लेक्सिबलवाल्यांनी टीप वेगळी द्यायची का?

आणखी एक. क्वांटम ऑफ द सीज ही बोट 2014 मध्ये नवीन निघाली तेव्हा रॉयल कॅरिबियनने मोठी डायनिंग रूम काढून तिथे चार वेगवेगळी रेस्टॉरंट केली होती आणि सगळं रिझर्व्हेशनवर. लोकांना आवडलं नाही, ते शेवटी मागे घ्यावं लागलं. निखिलने वाचावं.

रोहित

---

प्रेषक: निखिल (जर्सी सिटी)
विषय: पुन: लहान मुलं असलेल्यांनी काय करायचं

वाचलं. पण नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने 2000 साली ठरलेल्या पंगतीच मोडीत काढल्या, आणि 'फ्रीस्टाइल' म्हणत त्यावरच धंदा उभा केला. बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी पुढे फ्लेक्सिबल आणलं ते उगाच नाही. लोकांना घरीही रोज त्याच वेळी जेवायला आवडत नाही. मला साडेआठला, दोनच खुर्च्यांचं टेबल, खिडकीशी. तुम्ही सगळे पहिल्या पंगतीला जा, माझी रांग कमी होईल.

निखिल

---

प्रेषक: अनघा (पार्सिपनी)
विषय: पुन: पुन: लहान मुलं असलेल्यांनी काय करायचं

रोहित, टीपचं: हल्ली बहुतेक कंपन्या दर माणशी दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप खात्यावर लावतात. त्यात केबिन आणि डायनिंग दोन्ही आलं. कुठेही जेवा, रक्कम तीच. कुणाचं काम फार आवडलं तर शेवटच्या रात्री पाकिटातून हातात वेगळं द्यायचं.

निखिलला एवढंच: साडेआठ ठीक आहे, पण थिएटरमधल्या कार्यक्रमाच्या वेळा जेवणाच्या पंगती धरून लावतात. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवणानंतरचा खेळ, दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधीचा. तुझं साडेआठचं जेवण दुसऱ्या खेळाच्या मध्यावर संपेल.

स्टेकहाउस किंवा तेप्पान्याकी (समोर तव्यावर करून देतात ते जपानी जेवण) अशी पैसे भरून जायची ठिकाणं कुणाला हवी असतील तर ती निघायच्या आधीच बुक करा. ठरलेली पंगत असली तरी एखाद्या रात्री तिकडे जाता येतं. फक्त आयत्या वेळी रद्द केलंत तर पैसे कापतात. जूनोच्या दिवशी असलं काही घेऊ नका.

अनघा

---

प्रेषक: वर्षा (एडिसन), सहल समिती
विषय: पंगती ठरल्या

मंडळी,

मी एकटीला कळवा म्हटलं होतं. असो, फायदाच झाला.

पहिली पंगत: 14 जण. यांत मीनाकाकूंचा गट आणि (होय) शरदकाका-काकू. काकूंनी फोनवर सांगितलं, "ह्यांचं ऐकू नकोस, पहिलीच लिही." फ्लेक्सिबल: रोहित, त्याच्या शेजारचं मुलांचं कुटुंब, निखिल आणि त्याची बायको, मिळून 8. दुसऱ्या पंगतीला कुणीच नाही.

पहिल्या पंगतीवाल्यांनी आपले बुकिंग नंबर मला बुधवारपर्यंत पाठवा, एजंट ते जोडून देईल. टेबलं सात-सातची दोन मागितली आहेत, शेजारी-शेजारी. मीनाकाकू, तुमचा कांदा-लसूण आणि जैन मजकूर मी इंग्रजीत लिहून एजंटला पाठवलाय. प्रत तुम्हालाही येईल, ती छापून पर्समध्ये ठेवा. व्हिक्टोरियाच्या रात्री फ्लेक्सिबलवाल्यांनी शक्यतो साडेपाच-सहाचीच वेळ घ्यावी, म्हणजे खाली उतरायला सगळे बरोबर असू.

फॉर्मल नाइटला नऊवारी चालते का, असं तिघींनी विचारलंय. चालते. फोटोवाल्यांची रांग वाढेल, ती वेळ धरून निघा.

वर्षा

---

प्रेषक: शरद (ब्रिजवॉटर)
विषय: पुन: पंगती ठरल्या

हरकत नाही. पण मग चार वाजता चहा कुठे मिळतो तेवढं कुणीतरी सांगा. दुधाचा, उकळलेला. टी-बॅगचा नको.

शरदकाका

---

प्रेषक: अनघा (पार्सिपनी)
विषय: पुन: पुन: पंगती ठरल्या

काका, तो मात्र हेड वेटरलाच सांगावा लागेल. मी पहिल्या रात्रीच विचारते.