मदत हवी आहे : सिल्व्हर गाडीवर टच-अप पेन स्वतः लावलंय का कुणी?

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी बाईक माझ्या स्विफ्टच्या मागच्या दाराला घासून गेली. बरेचसे ओरखडे वरवरचे आहेत, नख फिरवलं तर अडकत नाही. ते रबिंग कंपाउंडने (घासून चकचकीत करायची पेस्ट) जातील. पण हँडलखालचा एक खोल गेलाय आणि त्याच्या टोकाला मसुराएवढा पत्रा उघडा पडलाय. पावसाळा तोंडावर आहे, गंज धरायच्या आत झाकायचंय.

गॅरेजवाला अख्खं दार रंगवू म्हणतो. एवढ्याशासाठी? कंपनीचा मूळ रंग घालवायला जिवावर येतं हो.

गाडीच्या रंगाचा कलर कोड बघून टच-अप पेन (ओरखड्यात रंग भरायचं छोटं पेन) आणलंय. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंगाचे पातळ हात, वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर), इथवर कळलं. घोडं अडलंय मेटॅलिक, म्हणजे चमकीवाल्या रंगापाशी. ब्रशने जाड बसला की चमकीचे कण एका जागी गोळा होतात आणि डाग काळपट दिसतो म्हणे. मग टूथपिकने थेंब थेंब भरावा का? दोन हातांमध्ये किती वेळ सोडता? आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) क्लिअर कोट वाळल्यावर लगेच मारायचा की आठवडाभर थांबायचं? सिल्व्हरवर केलेल्यांनी उन्हातले फोटो टाका प्लीज, सावलीत सगळंच छान दिसतं.